सात जणांना चार्जर हवाय आणि डीपी म्हणे फुल्ल

मीटररूम (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, विजेतलं कळणाऱ्यांची मदत हवी आहे.

आमची सोसायटी २००६ ची. चार विंग, १२८ फ्लॅट, मागच्या कोपऱ्यात कुंपणात ३१५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचं माप) एक ट्रान्सफॉर्मर, यालाच सगळे डीपी म्हणतात. यंदा मी सेक्रेटरी झालोय (सभेला उशिरा पोचलो, तोवर ठराव झाला होता). महिन्याभरात सात अर्ज आले, सगळे पार्किंगमध्ये ई-गाडीचा चार्जर बसवण्यासाठी. पाच जणांना ७.४ किलोवॉटचा भिंतीवरचा डबा हवाय, दोघांना १५ अँपिअरचं सॉकेट चालेल. अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "तुमची डीपी फुल्ल आहे. मोठी हवी तर सोसायटीने खर्च करायचा." किती फुल्ल, कधी फुल्ल, विचारलं तर "फुल्ल म्हणजे फुल्ल."

घरी येऊन गणित मांडलं. प्रत्येक फ्लॅटचा मंजूर भार ४ किलोवॉट. १२८ × ४ = ५१२. ट्रान्सफॉर्मर ३१५ चा. म्हणजे कागदावर ही डीपी पहिल्याच उन्हाळ्यात जळायला हवी होती, आणि ती तर एवढी वर्षं मुकाट उभी आहे. मग फुल्ल ठरवतात कशावरून? आणि आज सात अर्ज आहेत, दहा वर्षांनी साठ असतील. ते साठ आत्ता कुणी मोजतंय का?


निवृत्त_रोहित्र · सोमवार, रात्री १०:५५

बत्तीस वर्षं वितरणात काढली, शेवटची नऊ नियोजनात. उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

तुमचं ५१२ बरोबर आहे आणि निरुपयोगीही आहे. लग्नाच्या हजार पत्रिका वाटल्या म्हणून कुणी हजार पाट मांडत नाही. काही जण येत नाहीत, जे येतात ते तीन पंगतींत जेवून उठतात. घरगुती विजेचं तसंच. तुमच्याकडे शंभराच्या वर गिझर असतील, पण कुणी साडेपाचला आंघोळ करतो, कुणी नऊला. मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या वेळा वेगळ्या. याला आम्ही डायव्हर्सिटी म्हणतो. ती घरांच्या संख्येबरोबर वाढते. चार फ्लॅट असतील तर चारही गिझर एकदम लागण्याची शक्यता धरावी लागते. १२८ फ्लॅटना ३१५ केव्हीए म्हणजे ०.९ पॉवर फॅक्टरने (ओढलेल्या विजेतला खरा कामाला येणारा वाटा) साधारण २८० किलोवॉट, घरामागे दोन-सव्वादोन किलोवॉट. २००६ ला हे पुरेसं होतं. सढळच होतं म्हणा.

तेव्हाच्या पंगतीत एसी फार नव्हते. एसी हा डायव्हर्सिटीचा शत्रू. मे महिन्यात रात्री साडेदहाला उकाडा सगळ्यांना एकाच वेळी होतो. दीड टनाचा एक एसी दीड किलोवॉटच्या आसपास खातो, तोही तासन्‌तास. केरळने २०२४ च्या एप्रिल-मे मध्ये हेच भोगलं. मागणी ५,७०० मेगावॉटच्या पुढे गेली ती रात्री, आणि आधी माना टाकल्या त्या गल्लीबोळातल्या ट्रान्सफॉर्मरनी.

आता "फुल्ल" चं. ३१५ केव्हीए, ४३३ व्होल्ट, म्हणजे प्रत्येक फेजला (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एकेकीला; आर, वाय, बी) पूर्ण भाराचा करंट ४२० अँपिअर. लायसनवाला इलेक्ट्रिशियन घेऊन सोसायटीच्या मेन पॅनेलवर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज वेगवेगळे मोजा. संध्याकाळी सातला मोजू नका, रात्री साडेदहाला मोजा. मग पहाटे दोनला परत. आकडे इथे टाका, पुढचं बोलू.


अर्धा_कप · सोमवार, रात्री ११:२०

भविष्यातल्या मागणीचा अंदाज म्हटलं की मला दाभोळ आठवतं. राज्याला वीज कमी पडणार म्हणून प्रकल्प आणला, १९९९ ला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ ला बंद. वीज होती, ती घेणं परवडेना. नंतर चारच वर्षांत आपण बारा-बारा तास अंधारात. अंदाजवाल्यांना नमस्कार.


निवृत्त_रोहित्र · मंगळवार, सकाळी ७:१०

@अर्धा_कप, गाव बरोबर, गल्ली चुकली. ती निर्मितीची कथा. निर्मितीचा अंदाज चुकला तर बाजारातून महाग वीज घेऊन वेळ मारता येते. वितरणात ती सोय नाही. देशात हजार मेगावॉट पडून असले तरी मीटररूम यांच्या कोपऱ्यातला ट्रान्सफॉर्मर ३१५ चा तो ३१५ चाच.

आणि इथेच खरी मेख आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर पाच वर्षांनी देशाच्या मागणीचं सर्वेक्षण करतं, विसावं २०२२ ला आलं. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॉटला टेकली. हे आकडे कोळसा, पवनचक्क्या, ४०० केव्हीच्या (चार लाख व्होल्टच्या) वाहिन्या यांसाठी कामाचे. वरून खाली वाटत आलं की राज्य येतं, मग परिमंडळ येतं, फार तर उपकेंद्र. त्याखाली आमच्या काळात काय चालायचं सांगतो. गेल्या पाच वर्षांची वाढ काढायची, सहा टक्के आली तर पुढची पाच वर्षं सहा टक्के लावायची. सगळी घरं हळूहळू एकेक पंखा, एकेक फ्रीज वाढवत होती तोवर ते चाललं. आता वाढ टक्क्याने येत नाही. एका सोसायटीत दोन वर्षांत चाळीस एसी येतात आणि शेजारच्या सोसायटीत चार. फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीची, सरासरी सहा टक्केच दिसते आणि जळतो तो एकच ट्रान्सफॉर्मर.

नियोजनात "किती" हा सगळ्यात सोपा प्रश्न. "कुठे" आणि "किती वाजता" हे दोन अवघड.


काळी_माती · मंगळवार, दुपारी १:३५

रोहित्र साहेब, पंगतीचं तुमचं शहरात खरं हाय. आमच्याकडं समदे एकाच पंगतीला बसत्यात, कारण वाढपीच आठ तासांसाठी येतो.

आमची १०० केव्हीएची डीपी. कागदावर १७ पंप, सगळे पाच हॉर्सपॉवरचे. खरं मोजायला गेलं तर सव्वीस. त्यातल्या निम्म्या मोटारी रिवायंडिंग करून साडेसातच्या झाल्यात, पाटी मात्र पाचचीच. लाईट आली की समद्यांचे ऑटो स्विच आपसूक एकदम मोटारी टाकत्यात. डीओ, म्हंजे डीपीचा फ्यूज, उडतो. वायरमन यायच्या आत कुणीतरी जाड तार बांधतं. चार दिवसांनी डीपीतनं तेल गळतं, आठव्या दिवशी जळते. मग वर्गणी काढा, ट्रॅक्टर लावा, दुरुस्तीच्या शेडवर नंबर लावा. तोवर कांदा वाळतो.

नियोजन करणाऱ्यानं आमच्या बांधावर एकदा रात्री दोनला येऊन बसावं.


निवृत्त_रोहित्र · मंगळवार, दुपारी ४:०५

काळी_माती भाऊ, आलोय. रात्री दोनला, बॅटरी घेऊन, तेही पावसात. तुमचं म्हणणं अक्षर न्‌ अक्षर खरं आहे, आणि शहरी मंडळींसाठी ते जरा फोडून सांगतो, कारण यात वितरण नियोजनाचा अख्खा धडा आहे.

पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३.७३ किलोवॉट. जुन्या मोटारीची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरला तर ती डीपीकडून साधारण ५.८ केव्हीए ओढते. शंभरला ५.८ ने भागा, सतरा. म्हणजे ज्याने सतरा पंप मंजूर केले त्याने डायव्हर्सिटी शून्य धरूनच केले होते, माणूस शहाणा होता. पण शेतीला वीज पाळीने मिळते, म्हणून भार पाळीच्या वेळेत कोंबला जातो. वर सव्वीस पंप. व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी उपसायला मोटार जास्त करंट घेते, त्याने व्होल्टेज आणखी पडतं. तांब्याच्या तारांतला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो, दीडपट करंटला सव्वादोनपट उष्णता. त्यात सगळ्या मोटारी एकाच सेकंदाला सुरू झाल्या तर पहिले काही क्षण पाच-सहापट करंट. जाड तार बांधली म्हणजे या सगळ्यात जो एक फ्यूज मधे पडून डीपी वाचवणार होता, तोच आपण काढून टाकला.

यावर आजवर तीन उपाय झाले. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात गावठाण फीडर शेतीपासून वेगळे केले, म्हणजे पंपांची पाळी संपली तरी गावातला दिवा चालू राहिला. मग २०१८ च्या सुमारास एचव्हीडीएस, म्हणजे उच्चदाबाची तार थेट बांधापर्यंत आणि एकदोन पंपांना १०-१६ केव्हीएचा छोटा ट्रान्सफॉर्मर. आकडा टाकायला लघुदाबाची तारच उरत नाही, आणि डीपी "आपली" झाली की शेतकरी स्वतःच जपतो. तांत्रिक उपाय होता, पण खरा परिणाम मालकीच्या भावनेचा झाला असं माझं मत. खर्च मात्र दांडगा. तिसरा उपाय आत्ताचा, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी. २०१७ ला योजना आली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा, आता लक्ष्य १६,००० मेगावॉट. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प लावून शेतीचे फीडर दिवसा चालवायचे.


काळी_माती · मंगळवार, सायंकाळी ६:५०

दिवसा लाईट मिळती हे सोन्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. बिबट्याच्या भागात रात्री दारं धरायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. पण उपकेंद्रावरचा पोरगा सांगत व्हता, आता दुपारी बाराला ट्रान्सफॉर्मर तापतोय आणि पावसाळ्यात मीटर उलटं पळतंय. हे काय गौडबंगाल?


निवृत्त_रोहित्र · मंगळवार, रात्री ८:१५

पोरगा हुशार आहे, त्याला सांभाळा.

पूर्वी निम्मे फीडर रात्री, निम्मे दिवसा चालायचे. उपकेंद्रातला पाच एमव्हीएचा (पाच हजार केव्हीए) एकच ट्रान्सफॉर्मर दोन पाळ्यांत काम करायचा. सगळ्यांना दिवसा वीज द्यायची म्हटलं की दोन्ही पाळ्या एकावर एक चढल्या. सौर प्रकल्प त्याच उपकेंद्राच्या ११ केव्हीच्या बाजूला असेल तर बराच भार तिथल्या तिथे भागतो, पण ढग आला की तो सगळा वरून मागावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये पंप बंद. ऊन पडलं की ती वीज खाली घ्यायला कुणी नसतं, मग ती ट्रान्सफॉर्मरमधून उलटी ३३ केव्हीवर चढते. व्होल्टेज वाढतं. आमची सगळी संरक्षण यंत्रणा, व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या टॅपची सगळी मांडणी, पाणी वरून खाली येतं या हिशोबाने केलेली. आता पाट उलटा वाहतोय. चालतं, पण त्यासाठी सेटिंग बदलावी लागते आणि ते काम कुणाच्या तरी टेबलावर असावं लागतं.

म्हणजे नियोजनाला आता वर्षातला एक कमाल आकडा पुरत नाही. किमान दोन दिवस बघावे लागतात. मे महिन्यातली रात्र, आणि ऑगस्टमधला उघडीप असलेला रविवार.


थेम्सकाठी · मंगळवार, रात्री ११:४५

मी लंडनमध्ये एका वितरण कंपनीच्या नियोजन विभागात आहे, त्यामुळे हात शिवशिवतायत.

इथे प्रत्येक वितरण कंपनी दरवर्षी भविष्याची चार-पाच चित्रं रंगवते. ई-गाड्या झपाट्याने आल्या तर, घर तापवणारे विजेचे उष्णता-पंप रखडले तर, असं. तेही एकेका उपकेंद्रापर्यंत उतरवून. नियामक पाच वर्षांचा खर्च त्यावर तोलतो, चालू टप्पा एप्रिल २०२३ ते मार्च २०२८. ऐकायला छान वाटतं. तरीही २०२२ मध्ये पश्चिम लंडनच्या हिलिंग्डन, ईलिंग, हाउन्स्लो भागात नव्या घरबांधणीला सांगावं लागलं की मोठी जोडणी २०३५ पर्यंत मिळेल याची खात्री नाही. कारण? डेटा सेंटर. फायबरच्या वाटेवर एकामागून एक उभी राहिली आणि उरलेली क्षमता त्यांनी आधी आरक्षित केली. रांगेत आधी आला त्याला आधी, हा नियम होता. घरं मागे राहिली. आयर्लंडमध्ये तर २०२३ ला मोजलेल्या एकूण विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरनी खाल्ली.

नवी मुंबईत ऐरोली-महापेकडे डेटा सेंटरचं जे चाललंय ते बघून मला हेच आठवतं. एक इमारत काही हजार घरांएवढी वीज मागते, तीही चोवीस तास सपाट. तिथे डायव्हर्सिटी नावाला नाही.

आणखी एक गंमत. इथे रात्रीचा दर स्वस्त केला, गाड्या रात्री चार्ज व्हाव्यात म्हणून. लोक शहाणे, सगळ्यांनी टायमर स्वस्त दराच्या पहिल्या मिनिटाला लावला. संध्याकाळचं शिखर गेलं आणि साडेबाराला नवं सुळकं उगवलं. म्हणून जून २०२२ पासून इथल्या नव्या घरगुती चार्जरना कायद्यानेच दहा मिनिटांपर्यंतचा आपोआप ठरणारा विलंब ठेवावा लागतो. कुणाची गाडी दुसऱ्या मिनिटाला सुरू होते, कुणाची नवव्या.


काळी_माती · बुधवार, सकाळी ६:३०

म्हंजे साहेबांच्या देशात पण ऑटो स्विचचंच दुखणं!


थेम्सकाठी · बुधवार, दुपारी १२:१०

😀 हेच वाक्य उद्या ऑफिसच्या बैठकीत वापरणार आहे. नाव तुमचंच सांगेन.


हौराकीची_खाडी · बुधवार, दुपारी २:००

ऑकलंडहून. इथे आलं की जुनी माणसं १९९८ ची गोष्ट सांगतात. शहराच्या मध्यवस्तीला चार ११० केव्हीच्या केबल वीज पुरवत होत्या. जानेवारी अखेरीस एक गेली. फेब्रुवारीत दुसरी. मग तिचा भार उरलेल्या दोघींवर, भर उन्हाळ्यात, आणि १९ व २० फेब्रुवारीला त्याही गेल्या. मध्यवस्ती जवळजवळ पाच आठवडे विजेविना. रेल्वेमार्गाच्या कडेने घाईघाईत तात्पुरती ओव्हरहेड लाईन टाकली तेव्हा कुठे सावरलं.

चार केबल म्हणजे एक गेली तरी तीन आहेत, असं कागदावर वाटतं. पण चौघी साधारण त्याच काळाच्या ओझ्याने थकलेल्या असतील तर ती चार केबलची एकच केबल असते.


फणसगरा · बुधवार, दुपारी ३:२५

भार-भार काय करताय सगळे? आमच्या रायगडच्या किनाऱ्याला ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने खांब सुपारीसारखे मोडले. सुपाऱ्याही मोडल्या. काही वाड्यांत महिनाभर वीज नव्हती. पुढची मागणी मोजताना खांब उभा राहील का हेही मोजा. अलिबागेत वादळ-निवारणाच्या प्रकल्पातून केबल जमिनीखाली घातल्या, तशा सगळ्या किनाऱ्याला परवडणार नाहीत हे कळतं. पण निदान उपकेंद्रापासून रुग्णालय आणि पाण्याच्या टाकीपर्यंतची तेवढी एक वाहिनी तरी खाली घ्या. बाकी आम्ही कंदिलावर काढू, सवय आहे.


मीटररूम · गुरुवार, सकाळी ८:२०

मंडळी, मोजलं! इलेक्ट्रिशियनने दोनशे रुपये जास्त मागितले, रात्रीचे म्हणून. दिले.

रात्री साडेदहा: आर फेज ३५५, वाय २९०, बी ४१० अँपिअर.
पहाटे दोन: सरासरी २१० च्या आसपास.

म्हणजे बी फेज ४२० ला टेकलाच होता. कार्यालयातले साहेब खोटं बोलत नव्हते तर. निम्मंच बोलत होते.


निवृत्त_रोहित्र · गुरुवार, सकाळी १०:४५

वा! हे बेस्ट काम केलंत. आता बघा.

तिन्हींची सरासरी ३५२. बी वरचे काही फ्लॅट वाय वर नेले, म्हणजे मीटर रूममध्ये फेज बदलून भार समतोल केला, तर तिन्ही फेज साडेतीनशेच्या आसपास बसतात. प्रत्येक फेजला ६८ अँपिअर मोकळे, मिळून ५१ केव्हीए. एक रुपयाचा ट्रान्सफॉर्मर न घेता! तुमची डीपी फुल्ल नव्हती, तिरकी भरलेली होती. फक्त हे काम परस्पर करू नका. मीटर कंपनीचे, सील कंपनीचं. लेखी अर्ज द्या, आकडे जोडा, त्यांच्या माणसाकडून करून घ्या. आकडे जोडलेला अर्ज टेबलावरून सहज ढकलता येत नाही, हा बत्तीस वर्षांचा अनुभव. टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा.

आता तुमच्या साठ गाड्या. शहरात गाडी दिवसाला चाळीसेक किलोमीटर फिरते, त्याला साधारण ६ युनिट लागतात. साठ गाड्यांना ३६० युनिट.

सगळ्यांनी ७.४ चे डबे लावले आणि रात्री नऊला घरी येऊन एकदम खोचले: ४४४ किलोवॉट. ६३० केव्हीएचा नवा ट्रान्सफॉर्मरही गुदमरेल, कारण घरं आहेतच.

सगळ्यांनी ३.३ चे लावले आणि नऊलाच खोचले: १९८ किलोवॉट. तरीही नाही पुरणार.

तेच ३६० युनिट रात्री बारा ते सहा सारखे वाटून दिले: तासाला ६० युनिट, म्हणजे ६० किलोवॉट. आणि पहाटे दोनला तुमच्याकडे निम्मा ट्रान्सफॉर्मर, दीडशे केव्हीए, रिकामा आहे.

गाड्या त्याच, युनिट तेवढेच, आणि भार ६० पासून ४४४ पर्यंत कुठेही. म्हणून दहा वर्षांनी किती गाड्या येतील हे छातीठोक सांगणाऱ्याकडे मी फारसं लक्ष देत नाही. त्या कधी खोचल्या जातील हे कोण ठरवणार, एवढं मला सांगा.

एक धोंडा मात्र वाटेत आहे. ट्रान्सफॉर्मर संध्याकाळी तापतो आणि रात्री थंड होतो, त्या विश्रांतीवर तो पंचवीस वर्षं जगतो. आतला इन्सुलेशनचा कागद सहा अंशांनी जास्त गरम राहिला की त्याचं झिजणं साधारण दुप्पट होतं. रात्र भरून टाकली तर ती विश्रांती जाते. म्हणून दोनशे टक्के हुशारी करून पहाटेचा प्रत्येक केव्हीए विकू नका.


बिलपीडित · गुरुवार, दुपारी १:५०

हे सगळं शेवटी स्मार्ट मीटर गळ्यात मारण्याकडे चाललंय. आधी म्हणाले प्रीपेड, लोक ओरडले म्हणून नाव बदललं. आता टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर. संध्याकाळी स्वयंपाक केला म्हणून दंड भरायचा? आणि डीपी वाढवायचा खर्च सोसायटीने का करायचा? वर्षानुवर्षं स्थिर आकार भरतोय तो कशाचा?


निवृत्त_रोहित्र · गुरुवार, दुपारी ४:३०

बिलपीडित, तुमच्या रागातला अर्धा भाग मला मान्य.

मीटरचं आधी. नियोजनाला तुमच्या स्वयंपाकघरात डोकवायची गरज नाही. प्रत्येक डीपीवर एक चालू मीटर हवा, दर पंधरा मिनिटांनी नोंद करणारा, दिवसाला ९६ नोंदी. मीटररूम यांनी दोनशे रुपये देऊन जे दोन आकडे मिळवले, ते कंपनीकडे आपोआप असायला हवे होते. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण योजनेत डीपी आणि फीडरचे मीटरही आहेत, पण चर्चा सगळी घरच्या मीटरची झाली. माझ्या मते आधी डीपी, मग घर, हा क्रम हवा होता. लोकांचा विश्वासही टिकला असता.

दराचं म्हणाल तर केंद्राच्या २०२३ च्या नियमाचा रोख उन्हाच्या तासांत वीज स्वस्त करण्याकडे आहे, आणि आपल्याकडे घरगुती ग्राहकाला सवलत मिळते ती सकाळी ९ ते ५. राज्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, दुपारी सौर वीज उतू जाते. पण मीटररूम यांच्या साठ गाड्या दुपारी कचेरीच्या आवारात उभ्या असतील. राज्याचं शिखर आणि तुमच्या डीपीचं शिखर एकाच वेळी येत नाही, आणि दर एकच. याचं उत्तर बहुधा कचेरीतल्या चार्जरमध्ये आहे.

खर्चाचं. ट्रान्सफॉर्मर कंपनीने वाढवला तर तो खर्च वीज नियामक आयोगापुढे जातो आणि शेवटी सगळ्यांच्या दरात येतो. म्हणजे काळी_मातींच्या गावातली शिलाई मशीनवाली बाई तुमच्या ७.४ च्या डब्याचे पैसे भरणार. सोसायटीने एकटीने भरला तर सातव्या अर्जापर्यंत सगळे फुकट आणि आठव्यावर सगळा बोजा. दोन्ही अन्यायच. छतावरच्या सौर यंत्रणेसाठी २०२४ च्या दुरुस्तीने ५ किलोवॉटपर्यंत जाळं मजबूत करण्याचा खर्च कंपनीवर टाकला. गाड्यांसाठी वेगळी जोडणी मागायचा हक्कही त्याच दुरुस्तीत आहे, खर्चाचं मात्र एवढं स्वच्छ नाही.

आणि एक राहिलंच. पैसे असून अडतं ते जागेपाशी. ट्रान्सफॉर्मर आठवड्यात बदलता येतो. उपकेंद्राला शहरात अर्धा एकर मिळवता मिळवता आमच्या एका साहेबांची निवृत्ती झाली. विकास आराखड्यात शाळा, बाग, स्मशान यांची आरक्षणं असतात तशी उपकेंद्राची असावी लागते, आणि ती दहा-पंधरा वर्षं आधी. तेव्हा तिथे नुसतं गवत असतं. उपकेंद्र मागायला त्या गवताच्या बाजूने कुणी येत नाही, आणि इमारती उभ्या राहिल्या की शेजारी नको म्हणून सगळे येतात.


थेम्सकाठी · गुरुवार, रात्री ११:५५

शेवटच्या परिच्छेदाला +१. इथेही तस्सं.


मीटररूम · दहा दिवसांनी, रविवार, सायंकाळी ७:३०

ताजा हवाल. आकडे जोडून अर्ज दिला. चौथ्या दिवशी त्यांचा माणूस आला, डी विंगमधले काही फ्लॅट वाय फेजवर घेतले. काल रात्री साडेदहाला परत मोजलं: ३६०, ३४४, ३५२.

काल सभा झाली. ठराव असा: सगळ्यांना ३.३ चेच चार्जर, पार्किंगसाठी वेगळी जोडणी आणि तिचा एकच पॅनेल, रात्री बाराच्या आत एकही गाडी सुरू होणार नाही, आणि प्रत्येक विंगची वेळ वीस मिनिटांनी पुढेमागे (थेम्सकाठी, काळी_माती, दोघांचे आभार). सहा जण तयार. सी विंगमधले एक काका अडून बसलेत, त्यांना ७.४ चाच हवा, कारण गाडीसोबत फुकट आलाय. त्यांना सांगितलं, तो ३.३ वर सेट करता येतो. ते म्हणाले, मग फुकट काय उपयोग.

मे महिन्यात पुन्हा मोजून आकडे इथेच टाकतो.


काळी_माती · रविवार, रात्री ८:०५

त्या काकांना आमच्याकडं धाडा. सव्वीस मोटारींच्या मालकांनी मिळून एक दिवस ऑटो स्विच काढलेत, पाळी लावून मोटारी टाकतोय. आठवडा झाला, डीओ उडला न्हाई. किती दिवस टिकतंय बघू, दोघं अजून चोरून टाकत्यात.


निवृत्त_रोहित्र · रविवार, रात्री ९:२०

झकास. मीटररूम, मे मध्ये मोजाल तेव्हा न्यूट्रलही (तिन्ही फेजमधला फरक ज्या चौथ्या तारेतून परत जातो ती) मोजा. पहिल्या आकड्यांवरून तो शंभराच्या वर असणार, आता पंधराच्या आसपास यायला हवा. तसा नाही आला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मेन पॅनेलवरचा न्यूट्रलचा लग, म्हणजे तार जोडायचं टोक, बघावा लागेल.